हास्य आणि भयानक

हास्य आणि भयानक हे परस्परविरोधी रस, असे आपले साहित्यशास्त्र सांगते. वर्गात मीही तेच सांगतो. पण जॉन क्लार्क या अमेरिकन रसायनज्ञाच्या ‘इग्निशन!’ या १९७२ सालच्या पुस्तकात हे दोन्ही रस मला एकाच भांड्यात सुखाने नांदताना दिसले.

क्लार्कसाहेब नौदलासाठी अग्निबाणांची इंधने शोधीत. त्यांच्या हाताखालून गेलेला एक पदार्थ म्हणजे क्लोरीन ट्रायफ्लोराइड. आग लागली की आपण पाणी ओततो, वाळू टाकतो. हा पठ्ठ्या पाण्याशी गाठ पडताच स्फोट घडवतो आणि वाळूलाही जाळतो! पोलादी टाकीत तो गुण्यागोविंदाने राहतो, कारण धातूवर फ्लोराइडचा पातळ थर बसतो. तो थर उडाला की टाकीच पेटते. मग करायचे काय? साहेबांचा सल्ला असा, की पळण्याचे बूट चांगले असावेत!

हसू येते खरे. पण या हसण्यामागे माणसे गेलेली आहेत. यातला फ्लोरीन मोकळा करण्याच्या ध्यासापायी बेल्जियमचे लुये १८५० साली आणि फ्रान्सचे निक्लेस १८६९ साली प्राणास मुकले. अखेर १८८६ साली मोआसाँ यांना यश आले.

भिंतीवरचे नियम कोण वाचतो? विनोद मात्र चहाच्या वेळी नव्या उमेदवाराच्या कानी पडतो आणि मनात राहतो. भीती फार झाली तर हात कापतो. मुळीच नसली तर हात जातो. हा विनोद हात स्थिर ठेवतो. आपल्या साहित्यशास्त्रकारांनी प्रयोगशाळा पाहिली नव्हती, एवढेच!