अठ्ठेचाळीस गळ्यांचा एक स्वर

‘टेन सीसी’ या ब्रिटिश बँडचं ‘आयम नॉट इन लव्ह’ मी अलीकडे हेडफोन लावूनच ऐकतो, आणि तेही शब्द बाजूला ठेवून. शब्दांच्या मागे एक ‘आ’कार सतत पसरलेला आहे. प्रथम तो सिंथेसायझर वाटतो. कान तिथेच ठेवला की कळतं, हे माणसांचे गळे आहेत, आणि ते कुठेच श्वास घेत नाहीत.

गाणं १९७५ सालचं. मँचेस्टरजवळच्या स्टॉकपोर्ट गावातला स्ट्रॉबेरी स्टुडिओ. बँडमधले ग्रॅहम गूल्डमन, केविन गॉडली आणि लॉल क्रीम माइकसमोर उभे राहून एकच स्वर ‘आ’कारात लावायचे आणि चौथा, एरिक स्टुअर्ट, तो टेपवर घ्यायचा. तिघांनी तोच स्वर १६ वेळा लावला, म्हणजे एका स्वराला ४८ आवाज झाले. मग पुढचा स्वर. असे कोमल-तीव्र धरून सप्तकातले बाराही. यात तीन आठवडे गेले.

ही मेहनत कळावी म्हणून मी लॅपटॉपवर माझाच षड्ज थरावर थर असा मुद्रित करून पाहिला. सुरुवातीला प्रत्येक आवाज वेगळा ओळखू येतो. इथे दम संपत आला, इथे स्वर केसभर उतरला. थर वाढले की मात्र माझा गळा मलाच सापडेना. बारीक बारीक फरक एकमेकांत मिसळून स्वराला रुंदी येते, हलका कंप येतो. मूळ गाण्यातली ऊब या कंपातून आली आहे, असं मला ठामपणे वाटतं. आणि या कामात घशाच्या आधी मन थकतं.

श्वासाचा प्रश्न क्रीमच्या सूचनेने सुटला. टेपची दोन टोकं जोडून तिचा सुमारे १२ फुटांचा फेरा करायचा. तो एकीकडे रेकॉर्डरच्या हेडवरून आणि दुसरीकडे माइकच्या स्टँडवर बसवलेल्या रोलरवरून फिरत राहील. जोडापाशी ‘टक्’ असा आवाज यायचाच. पण फेरा लांब असल्यामुळे तो उशिरा यायचा, आणि सगळे जोड एकाच क्षणी आले नाहीत तर बाकीच्या आवाजात दडून जायचा.

प्रत्येक स्वराचा एक असे हे बारा फेरे मिक्सरच्या बारा फेडरांवर, म्हणजे आवाज कमी-जास्त करणाऱ्या सरकत्या बटणांवर, घेतले आणि चौघे मिळून तो मिक्सर पेटीसारखा वाजवू लागले. तीन-चार फेडर वर, बाकीचे खाली. मात्र स्टुअर्टने फेडरांच्या तळाशी चिकटपट्टी लावून ठेवली होती, त्यामुळे कुठलाच स्वर पुरता बंद होत नव्हता. म्हणून या गाण्यात निखळ शांतता सापडत नाही. बाराही स्वर मागे मंद चालूच राहतात. मला त्या चौघांच्या कुठल्याही करामतीपेक्षा ही चिकटपट्टी मोठी वाटते.

आधी याच गाण्याची चाल बोसानोव्हा या ब्राझिलियन शैलीच्या ठेक्यावर होती. गॉडलीला ती मुळीच पटली नाही आणि ते मुद्रण पुसून टाकलं गेलं. पण स्टुडिओत काम करणारी माणसं तीच चाल गुणगुणत राहिली. तेव्हा गाणं पुन्हा हाती घेताना, वाद्यांऐवजी ते आवाजांवरच उभं करू या, असं सुचवलं ते गॉडलीनेच. शब्दांची सुरुवात स्टुअर्टच्या घरातली. ‘माझ्यावर प्रेम आहे, असं तू पुरेसं म्हणत नाहीस,’ अशी बायकोची तक्रार होती. त्याने उलट नकारच लिहिला, आणि त्या नकाराचं प्रत्येक कारण प्रेमाचीच कबुली देतं.

गाण्याच्या मध्यावर एक बाई कुजबुजते. ती कॅथी रेडफर्न, स्टुडिओतली सेक्रेटरी. काम चालू असताना व्यत्यय नको म्हणून तिने दारातून हलक्या आवाजात स्टुअर्टला फोन आल्याचं सांगितलं, आणि हाच आवाज हवा, हे तिथे ठरलं.

गाणं ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलं, अमेरिकेत दुसऱ्या. पुढच्याच वर्षी गॉडली आणि क्रीम बँडमधून बाहेर पडले. गीतकार-संगीतकार म्हणून नावं लागतात ती स्टुअर्ट आणि गूल्डमनची. शब्द आणि चाल त्यांचीच, हे खरं. पण आपण जे ऐकतो, त्यातला गळ्यांचा विचार गॉडलीचा, न तुटणारा स्वर क्रीमचा आणि ती कुजबुज रेडफर्नची आहे.