फॉर्म्युला स्टुडंट गाड्यांमधील वंगणव्यवस्था

फॉर्म्युला स्टुडंट गाड्यांमधील वंगणव्यवस्था म्हणजे विद्यार्थ्यांनी बांधलेल्या एकआसनी शर्यतीच्या गाडीत, वेगाने वळताना किंवा ब्रेक लावतानाही इंजिनाच्या बेअरिंगांना अखंड तेल मिळावे यासाठी केलेली रचना होय. इंजिनाच्या तळाशी तेल साठवणारे भांडे, म्हणजे ऑइल संप, हा तिचा मुख्य भाग आहे. भारतातील गॅरेजांमध्ये त्यालाच 'चेंबर' म्हणतात.

पार्श्वभूमी

अमेरिकेतील फॉर्म्युला एसएई ही स्पर्धा १९८१ मध्ये, तर ब्रिटनमधील फॉर्म्युला स्टुडंट १९९८ मध्ये सुरू झाली. भारतात कोइंबतूर येथील कारी मोटर स्पीडवेवर होणारी 'फॉर्म्युला भारत' ही याच प्रकारची स्पर्धा असून तिच्यात महाराष्ट्रातील अभियांत्रिकी महाविद्यालयांचे संघही भाग घेतात. ज्वलन इंजिनाच्या गटात ७१० घन सेंमीपर्यंतचे चार-स्ट्रोक इंजिन वापरता येते. त्यामुळे बहुतेक संघ होंडा सीबीआर ६०० आरआर किंवा यामाहा वायझेडएफ-आर ६ यांसारख्या मोटारसायकलींची इंजिने निवडतात. वंगणाची मुख्य अडचण याच निवडीतून उद्भवते.

समस्येचे स्वरूप

मोटारसायकल वळताना आतल्या बाजूस झुकते. गुरुत्वाकर्षण व वळणातील जडत्व यांचा एकत्रित परिणाम तेलाला संपच्या तळाकडेच दाबतो आणि तेल शोषणाऱ्या नळीचे तोंड बुडालेले राहते. गाडी मात्र वळताना जवळजवळ सपाट राहते. तिच्यातील तेल वळणाच्या बाहेरच्या बाजूस सरकते व त्याचा पृष्ठभाग तिरका होतो. पार्श्व त्वरण गुरुत्वत्वरणाएवढे, म्हणजे १ जी असल्यास हा तिरकेपणा ४५ अंश असतो.

स्पर्धेतील 'स्किडपॅड' या वर्तुळाकार चाचणीत आतील वर्तुळाचा व्यास १५.२५ मीटर व मार्गाची रुंदी ३ मीटर असते. मार्गाच्या मध्यावरून एक फेरी ५ सेकंदांत पूर्ण करणाऱ्या गाडीचे पार्श्व त्वरण सुमारे १.५ जी भरते. त्या वेळी तेलाचा पृष्ठभाग सुमारे ५६ अंश तिरका होतो. अशा स्थितीत शोषनळीचे तोंड उघडे पडल्यास पंप तेलाऐवजी हवा ओढतो आणि तेलाचा दाब घसरतो.

क्रँकशाफ्ट व बेअरिंग यांमध्ये तेलाचा अतिशय पातळ थर असतो. तो तुटल्यास धातूवर धातू घासून बेअरिंग जळते. पुढे कनेक्टिंग रॉड तुटून इंजिनाचे कवच फुटू शकते. १००० गुणांच्या फॉर्म्युला एसएई स्पर्धेत सुमारे २२ किमीच्या सहनशक्ती शर्यतीला २७५ व इंधन-कार्यक्षमतेला १०० गुण असतात. या शर्यतीत इंजिन निकामी झाल्यास संघाचे बरेच गुण जातात.

ओला संप

या प्रकारात तेल इंजिनाखालच्या भांड्यातच राहते. मूळ संप खोल असल्याने अनेक संघ त्याऐवजी उथळ व रुंद संप तयार करतात. इंजिन खाली बसून गाडीचा गुरुत्वमध्य उतरतो. मात्र उथळ भांड्यात तेल अधिक सहज दूर सरकते. म्हणून शोषनळीभोवती उभ्या आडभिंती (बॅफल) उभारून त्यांत एकाच दिशेने उघडणाऱ्या झडपा बसवतात. तेल झडपांतून आत येते, पण बाहेर जाऊ शकत नाही.

केवळ तेलाची पातळी वाढवणे हा पुरेसा उपाय नाही. फिरणारा क्रँकशाफ्ट तेलात बुडाल्यास फेस होतो, शक्ती वाया जाते आणि श्वसननळीतून तेल बाहेर पडते. काही संघ दाबाखाली तेल साठवणारी टाकीही जोडतात. मुख्य दाब क्षणभर घसरल्यास ती तेल पुरवते.

कोरडा संप

या प्रकारात तळाचे उथळ भांडे फक्त तेल गोळा करते. उपसा पंप ते वेगळ्या टाकीत पोहोचवतो आणि दाब पंप तेथून इंजिनाला पुरवतो. उपशाच्या तेलात हवा मिसळलेली असल्याने उपसा पंपाची क्षमता दाब पंपापेक्षा जास्त ठेवावी लागते. टाकी उंच व अरुंद असते. तेल तिच्या भिंतीलगत फिरत उतरल्याने हवा वेगळी होते. टाकीच्या तळाशी असलेले निर्गमद्वार तीव्र वळणातही बुडालेले राहते.

या रचनेमुळे इंजिन आणखी खाली बसवता येते. मात्र पंप, टाकी व नळ्यांमुळे वजन, खर्च आणि गळतीच्या जागा वाढतात. शिवाय मोटारसायकलच्या इंजिनात गिअरबॉक्स व क्लच यांनाही तेच तेल लागते. त्यांचा पुरवठा तुटणार नाही याची काळजी घ्यावी लागते.

चाचणी व नियम

तेलाचा दाब व पार्श्व त्वरण यांची नोंद एकाच वेळी घेऊन दोन्ही आलेख शेजारी ठेवणे ही तपासणीची विश्वासार्ह पद्धत आहे. दाब प्रत्येक वेळी एकाच बाजूच्या वळणात घसरत असल्यास दोष शोषनळीची जागा किंवा आडभिंती यांत असण्याची शक्यता असते. काही क्षणांची घसरण चालकाला दिव्यावरून वेळेत कळेलच असे नाही. म्हणून दाब ठरावीक मर्यादेखाली जाताच इंजिन आपोआप बंद करणारी यंत्रणाही वापरतात.

फॉर्म्युला एसएईच्या नियमांनुसार श्वसननळीतून येणारे तेल साठवणारी टाकी ०.९ लीटर किंवा एकूण तेलाच्या १० टक्के, यांपैकी जे जास्त असेल तेवढ्या क्षमतेची असावी लागते. तांत्रिक तपासणीत गाडी मंचावर ६० अंशांपर्यंत कलती करतात. हा कल सुमारे १.७ जी पार्श्व त्वरणाशी समतुल्य आहे. चाके मंचावरून उचलली जात नाहीत ना हे त्या वेळी पाहतात. कलत्या अवस्थेत द्रवगळतीही तपासली जाते. गाडी या चाचणीत उत्तीर्ण झाली, तरी धावत्या इंजिनाला वळणात तेल पुरते की नाही हे तिच्यातून कळत नाही. ते संघाला धावपट्टीवरील सरावातच पडताळावे लागते.