ओसाड महालाचे पहारेकरी

महाविद्यालयांत कधीकधी गाजलेल्या नाटकाचे चित्रमुद्रण पडद्यावर दाखवितात आणि मग विद्यार्थी त्यावर चर्चा करतात. धर्मवीर भारती यांचे ‘अंधा युग’ हे हिंदी काव्यनाटक अशा चर्चेला फारच अनुकूल आहे. १९६३ साली इब्राहिम अल्काझी यांनी ते दिल्लीस फिरोजशहा कोटल्याच्या भग्नावशेषांत सादर केले होते.

महाभारतीय युद्धाचा अठरावा दिवस मावळतो. हस्तिनापूरचा महाल ओस पडला आहे. तरी दोन पहारेकरी फेऱ्या घालीतच आहेत. रक्षण कशाचे? मुक्तछंदातील त्यांच्या थकलेल्या बोलांतून हाच प्रश्न उमटतो. पुढे अश्वत्थामा उत्तरेच्या गर्भावर ब्रह्मास्त्र सोडतो, तेव्हा प्रेक्षकास १९४५ चे हिरोशिमा आठवते.

चर्चेत कोणी म्हणतो, आंधळा एकटा धृतराष्ट्र. दुसरा विचारतो, मग द्यूतसभेत गप्प बसलेले भीष्म-द्रोण कोण? आणि केवळ आज्ञा पाळणाऱ्या त्या पहारेकऱ्यांचा दोष किती, यावर तर एकमत होतच नाही.