आमदारकीला पहिल्यांदा उभं राहताना

२०२४ची दिवाळी वाशिम जिल्ह्याने निवडणुकीच्या धामधुमीत साजरी केली. १५ ऑक्टोबरला विधानसभा निवडणुकीची घोषणा झाली. २२ ते २९ ऑक्टोबर अर्ज भरण्याचे दिवस, ३०ला छाननी, ४ नोव्हेंबरला माघारीची मुदत आणि २०ला मतदान. लक्ष्मीपूजन आलं १ नोव्हेंबरला, बंडखोरांची मनधरणी ऐन रंगात असताना. सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ रुपये असूनही बाजारात माल त्याहून कमी दराने जात होता, आणि गावोगावच्या पारावर त्याचाच विषय होता.

त्या हंगामातली जिल्ह्यातली सर्वांत लक्षवेधी लढत कारंज्यात झाली. २००९मध्ये तिथे राष्ट्रवादीचे प्रकाश डहाके निवडून आले होते. २०१४ आणि २०१९मध्ये भाजपचे राजेंद्र पाटणी जिंकले. २०१९ला त्यांनी डहाकेंनाच हरवलं. पुढे डहाके गेले आणि २३ फेब्रुवारी २०२४ रोजी आमदार पाटणींचंही निधन झालं. सभागृहाची मुदत वर्षाहून कमी उरली असेल तर पोटनिवडणूक घ्यावी लागत नाही, त्यामुळे जागा रिकामीच राहिली.

नोव्हेंबरमध्ये डहाकेंच्या पत्नी सई डहाके आणि पाटणींचे पुत्र ज्ञायक पाटणी समोरासमोर आले. विधानसभेच्या रिंगणात दोघंही नवखे. पण पक्षांची अदलाबदल झाली होती! डहाकेंच्या घरात कमळ आलं आणि पाटणींच्या घरात शरद पवारांच्या पक्षाची तुतारी. भाजपने सई डहाकेंचं नाव २८ ऑक्टोबरच्या यादीत जाहीर केलं, म्हणजे अर्जाची मुदत संपायच्या आदल्या दिवशी. २३ नोव्हेंबरला गुलाल त्यांच्या अंगावर पडला.

पहिल्यांदा उभं राहणाऱ्याला नेमकं काय काय ओलांडावं लागतं, हे समजून घ्यायला ही लढत चांगली आहे.

कायद्याचा उंबरठा

कायद्याने घातलेल्या अटी फार जड नाहीत. वय २५ पूर्ण हवं आणि राज्यातल्या कोणत्याही मतदारसंघाच्या यादीत नाव हवं. अनामत रक्कम १०,००० रुपये. अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवाराला ५,०००. मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला एकच सूचक पुरतो, अपक्षाला त्याच मतदारसंघातले १० लागतात. नमुना २-बमधला अर्ज, नमुना २६मधलं शपथपत्र आणि निवडणूक अधिकाऱ्यासमोर घेतलेली शपथ, एवढं झालं की माणूस उमेदवार होतो.

मात्र नवख्यांचे अर्ज अडखळतात ते शपथपत्रापाशी. मालमत्ता, कर्ज, शिक्षण, गुन्हे, प्रत्येक रकाना भरावाच लागतो. सांगण्यासारखं काही नसेल तर ‘निरंक’ लिहायचं, पण रकाना कोरा सोडायचा नाही. २०१३च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर, सूचना देऊनही रकाने कोरे राहिले तर अर्ज बाद होऊ शकतो. गुन्हे दाखल असतील तर प्रचाराच्या काळात तीन वेळा वृत्तपत्रांत आणि वाहिन्यांवर ते स्वतः जाहीर करावे लागतात.

एबी फॉर्म आणि १४ दिवस

खरी चढण पुढेच लागते. शेवटच्या दिवशी दुपारी ३ वाजेपर्यंत पक्षाच्या अधिकृत उमेदवारीचा एबी फॉर्म अधिकाऱ्याच्या टेबलावर पोचला तर चिन्ह मिळतं, नाहीतर वर्षानुवर्षं सतरंज्या उचललेला कार्यकर्ताही अपक्ष ठरतो. अपक्षाला चिन्ह मिळतं माघारीनंतर. २०२४मध्ये ते ४ नोव्हेंबरला मिळालं आणि १८च्या संध्याकाळी प्रचार थांबला. कारंजा आणि मानोरा तालुक्यांतल्या वाड्या-तांड्यांपर्यंत नवं चिन्ह पोचवायला हातात १४ दिवस! राज्यभरात ४,१३६ उमेदवार होते. २८८ जागांपैकी अपक्षांना दोनच मिळाल्या, जुन्नर आणि चंदगड.

पैशाचंही तसंच. विधानसभेची खर्चमर्यादा ४० लाख रुपये. अर्जाच्या किमान आदल्या दिवशी स्वतंत्र बँक खातं उघडायचं, सगळा खर्च त्यातूनच करायचा, प्रचारकाळात किमान तीनदा नोंदवही तपासून घ्यायची आणि निकालानंतर ३० दिवसांत हिशेब द्यायचा. सबळ कारण नसताना तो दिला नाही तर निवडणूक आयोग तीन वर्षांसाठी अपात्र ठरवू शकतो. एकूण वैध मतांच्या एक षष्ठांशाहून अधिक मतं मिळाली नाहीत तर डिपॉझिट जप्त होतं.

मतदानाच्या दिवशी प्रत्येक केंद्रावर आपला माणूस बसवणं ही शेवटची कसोटी. मतदान सुरू होण्याआधीचं अभिरूप मतदान त्याने पाहायचं, दिवसभर यादीशी नावं पडताळायची आणि संध्याकाळी एकूण मतांची नोंद असलेल्या नमुना १७-सीची प्रत घेऊनच उठायचं. बूथ सांभाळणारी ही विश्वासू माणसं दोन आठवड्यांत उभी राहत नाहीत. ती वर्षानुवर्षांच्या ओळखीतून मिळतात, किंवा वारशाने.

वारशाचं पारडं

म्हणूनच आपल्या जिल्ह्यात पहिली उमेदवारी बहुतेकदा घरातूनच येते. रिसोडमध्ये माजी मंत्री सुभाष झनक यांच्या निधनानंतर झालेल्या पोटनिवडणुकीत त्यांचे पुत्र अमित झनक काँग्रेसतर्फे उभे राहिले आणि आमदार झाले. पुढे २०१४, २०१९ आणि २०२४लाही ते निवडून आले. २०२४ला त्यांच्यासमोर असलेल्या भावना गवळी पाच वेळा खासदार होत्या आणि त्याही माजी खासदार पुंडलिकराव गवळी यांच्या कन्या.

वारसदाराला उमेदवारी मिळते म्हणून तो अपात्र ठरत नाही. मतदारांनी त्याला मत देऊन निवडलेलं असतं आणि दुःखातून उठून मैदानात उतरायलाही धैर्य लागतं. चिंता वेगळीच आहे. विकासात मागे राहिलेला, म्हणजेच ‘आकांक्षित’ म्हणून केंद्राने निवडलेल्या या जिल्ह्यात सिंचन, शेतमालाचा भाव आणि रोजगार यांवर पोटतिडकीने बोलणारी कितीतरी तरुण मंडळी आहेत. त्यांच्या घरात आधी कोणी आमदार नव्हतं, एवढ्याच कारणाने ती तिकिटाच्या चर्चेतही येत नसतील, तर नुकसान जिल्ह्याचं आहे.

स्त्रियांच्या बाबतीत ही दरी आणखी रुंद दिसते. महाराष्ट्रात ग्रामपंचायतीपासून जिल्हा परिषदेपर्यंत निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव आहेत. सरपंच, सभापती, सदस्य म्हणून हजारो बायकांनी कारभार केलेला आहे. तरीही २०२४मध्ये ४,१३६ उमेदवारांत स्त्रिया होत्या ३६३, आणि निवडून आल्या २१. २०२३च्या १०६व्या घटनादुरुस्तीने विधानसभेत एक तृतीयांश जागा राखीव होणार आहेत, पण जनगणना आणि मतदारसंघांची फेररचना झाल्यावर. तोवर पक्षांचे हात कोणी बांधलेले नाहीत. आज तिकीट द्यायचं ठरवलं तर आजही देता येईल.

मग करायचं काय?

ज्याला किंवा जिला पुढे कधी आमदारकीला उभं राहायचं आहे, त्यांनी सुरुवात ग्रामपंचायत, पंचायत समिती, बाजार समिती, सहकारी सोसायटी यांतून करावी. एका निवडणुकीत दुसऱ्याचा मतदान प्रतिनिधी म्हणून दिवसभर बसावं. पुस्तकात न सापडणाऱ्या गोष्टी तिथे कळतात. मतदार यादी पानापानाने वाचावी. हिशेब लिहायची सवय लावून घ्यावी.

पक्षांनी मुदतीच्या आदल्या दिवसापर्यंत नावं रोखून धरू नयेत. कार्यकर्त्यांना विचारून, वेळेत निर्णय घेतला तर नव्या माणसाला गावं फिरायला वेळ मिळतो आणि मतदारालाही त्याला पारखून घेता येतं.

आणि आपण मतदारांनी शपथपत्रं वाचावीत. निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर ती कोणालाही पाहता येतात. नवखा उमेदवार दारात आला तर तो कोणाचा कोण, हे विचारण्याआधी त्याने गावासाठी आजवर काय केलं, हे विचारावं. हा प्रश्न जितक्या दारांत विचारला जाईल, तितकी साध्या घरातल्या माणसासाठी विधानसभेची वाट मोकळी होईल.