लाईट गेली म्हणून सर्व्हर वाचला!

सर्व्हरच्या व्हिडिओत वेळेअभावी एक गोष्ट दोन मिनिटांत उरकावी लागली, ती आज नीट लिहितो. आपल्या जामसंड्यात लाईट जाणं ही काही बातमी नाही. पण लाईट गेली म्हणून जगभर पसरलेली कंपनी सावरली, ही मात्र ऐकण्यासारखी गोष्ट आहे.

27 जून 2017. उरणजवळच्या जेएनपीटी बंदरातलं मर्स्क समूहाचं कंटेनर टर्मिनल अचानक अडकलं. कॉम्प्युटर बंद, त्यामुळे कामं हाताने करायची वेळ आली. हीच गत त्या दिवशी मर्स्कच्या इतर देशांतल्या टर्मिनलांचीही झाली. कारण होतं 'नॉटपेट्या' नावाचा व्हायरस.

तो आला कुठून? युक्रेनमध्ये वापरल्या जाणाऱ्या हिशेबाच्या एका सॉफ्टवेअरमधून, म्हणजे आपल्याकडे टॅली असतं तशातलाच प्रकार. हल्लेखोरांनी त्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधूनच व्हायरस घुसवला. पुढे तो विंडोजमधल्या एका भोकातून पसरला. ते भोक बुजवणारं अपडेट मायक्रोसॉफ्टने मार्च 2017 मध्येच दिलेलं होतं! शिवाय हा व्हायरस एका मशीनमधले पासवर्ड उचलून दुसऱ्या मशीनमध्ये शिरायचा. म्हणजे नेटवर्कमध्ये एक जरी मशीन कच्चं राहिलं, तरी बाकीच्यांना धोका होताच.

आता खरा मुद्दा. कुणाला कुठे प्रवेश द्यायचा याची यादी सांभाळणारे मर्स्ककडे सुमारे 150 सर्व्हर होते. प्रत्येकात दुसऱ्याची नक्कल आपोआप जात होती. एक गेला तर दुसरा आहे, असा हिशेब. सगळेच एकदम जातील हा विचारच नव्हता, आणि झालं तेच. वाचला फक्त घानातला एक. हल्ल्याच्या वेळी तिथे लाईट गेलेली होती, म्हणून तो नेटवर्कवर नव्हता. तिथलं इंटरनेट इतकं संथ होतं, की त्याची हार्ड डिस्क माणसाने हातात घेऊन, नायजेरियामार्गे विमानाने इंग्लंडला पोचवली. त्यानंतर दहा दिवसांत 4,000 सर्व्हर आणि 45,000 कॉम्प्युटर नव्याने उभे केले. नुकसान 25 ते 30 कोटी डॉलरच्या घरात गेलं.

तुम्ही म्हणाल, आमचा कुठे एवढा कारभार? आपला सर्व्हर म्हणजे काउंटरमागचं ते एक मशीन, ज्यावर टॅलीचा डेटा असतो आणि बाकीची दोन बिलिंग मशीनं त्याला जोडलेली असतात. पण त्यातच उधारी, बागायतदारांचे हिशेब, स्टॉक सगळं असतं. जीएसटीचे हिशेब तर वार्षिक रिटर्नच्या मुदतीपासून 72 महिने सांभाळायचे असतात. ते मशीन गेलं की उधारी मागायची तरी कुठल्या कागदावर?

म्हणून एवढं करा:

1. सिंक म्हणजे बॅकअप नव्हे. ड्राइव्हवर आपोआप जाणारी फाईल इथे खराब झाली की तिथेही खराब होते. दोन हार्ड डिस्क ठेवा, आळीपाळीने बॅकअप घ्या, आणि काम झालं की केबल काढा. एक डिस्क घरी न्या.

2. सर्व्हरवर यूट्यूब नको, गेम नको, कुणाचाही पेनड्राइव्ह नको. रोजच्या कामाला ॲडमिन लॉगिन वापरू नका. प्रत्येक मशीनचा ॲडमिन पासवर्ड वेगळा ठेवा.

3. विंडोजचं अपडेट 'नंतर करू' म्हणून ढकलू नका. आठवड्यातला एक दिवस ठरवा. आधी बॅकअप, मग अपडेट.

4. आपली हवा खारी आणि दमट. मशीन जमिनीपासून वर ठेवा, धूळ काढत राहा, अर्थिंग तपासून घ्या. यूपीएसची बॅटरी पावसाआधी बघा. विजा चमकायला लागल्या की मशीन नीट बंद करून प्लग काढा, इंटरनेटची केबलसुद्धा.

5. महिन्यातून एकदा बॅकअप दुसऱ्या मशीनवर उघडून बघा. उघडला नाही, तर तो बॅकअप नाहीच.

मर्स्कला जे नशिबाने मिळालं, ते आपल्याला एक केबल काढून मिळतं. आज दुकान बंद करताना एवढंच बघा: तुमच्या डेटाची एक तरी प्रत कशालाही न जोडलेली आहे का? नसेल तर शटर ओढायच्या आधी ती करा.