सागराचे चित्र

सागराचे चित्र काढावयास बसलेला नवशिका बहुधा प्रथम निळा रंग उचलतो. वर निळे आकाश, खाली निळे पाणी, मध्ये एक सरळ रेषा आणि तीवर शिडाचे गलबत, एवढे काढले की सागर झाला, असे त्यास वाटते. परंतु चित्र पुरे होताच तो स्वतःच हिरमुसतो. त्यात पाणी असते, पण सागर नसतो. कारण पाण्यावर पसरलेली हवा आणि तीतून येणारा प्रकाश ही दोन्ही रंगवावयाची राहून गेलेली असतात.

हवा तर दिसत नाही. मग ती रंगवावी कशी? समुद्रकाठी उभे राहून नीट पाहिले म्हणजे उत्तर मिळते. जवळचा खडक काळाभोर दिसतो व त्याच्या कडा रेखीव असतात. दूरच्या भूशिराचा खडकही तसाच काळा. पण तो फिकट, निळसर व धूसर भासतो. मधली हवा आणि तीतील बाष्पाचे व धुळीचे सूक्ष्म कण प्रकाश विखुरतात, म्हणून असे घडते. अंतर जितके अधिक, तितका हा पडदा दाट. हे ध्यानी घेऊन चित्रकार दूरच्या वस्तूंचे रंग फिके करतो, त्यांच्या कडा मऊ ठेवतो. आणि सपाट कापडावर कोसाकोसांचे अंतर उभे राहते.

या कामास तैलरंग फार सोयीचे. रंगाची पूड जवसाच्या तेलात घोटून ते तयार करतात. हे तेल पाण्याप्रमाणे उडून जात नाही. हवेतील प्राणवायूशी संयोग पावून ते सावकाश घट्ट होते. त्यामुळे रंग बराच वेळ ओला राहतो आणि क्षितिजापाशी आकाश व पाणी यांचे रंग कोरड्या कुंचल्याने हलकेच एकमेकांत मिसळता येतात. मात्र या रंगांची एक शिस्त आहे. खालचा थर टर्पेंटाइनने पातळ केलेला असावा, वरच्या थरांत तेल अधिक असावे. हा क्रम उलटला, तर वरचा थर आधी सुकतो, खालचा मागाहून हालचाल करतो, आणि चित्रास तडे जातात. पाण्याला आकाशाचाच रंग येतो, म्हणून आधी आकाश, मग दूरचे पाणी, मग जवळच्या लाटा, आणि फेसाचा जाड पांढरा रंग सर्वांत शेवटी.

हे सारे साधले, तरी एक अडचण उरतेच: लाट थांबत नाही. काळ्या समुद्राकाठच्या फिओदोसिया गावी १८१७ साली जन्मलेल्या इव्हान ऐवाझोव्हस्की या चित्रकाराने या अडचणीवर उपाय शोधला. तो किनाऱ्यावर तासन्‌तास समुद्र पाही, पेन्सिलीने थोड्या रेघा टिपून घेई, आणि मग आपल्या खोलीत बसून स्मरणाने चित्र रंगवी. जे डोळ्यांपुढे टिकत नाही, ते त्याने मनात साठविले.

‘नववी लाट’ हे त्याचे १८५० सालचे चित्र सेंट पीटर्सबर्ग येथे आहे. नववी लाट सर्वांत भयंकर, असा खलाशांचा जुना समज. चित्रात रात्रीच्या वादळाने जहाज फुटले आहे. मोडक्या डोलकाठीला काही माणसे बिलगली आहेत, आणि प्रचंड लाटा उसळत आहेत. ती माणसे वाचली की नाही, हे चित्र सांगत नाही. तरीही पाहणाऱ्यास आशा वाटते. ही आशा माणसांच्या चेहऱ्यांवर रंगविलेली नाही; धुक्यातून पाझरणाऱ्या सकाळच्या सोनेरी उजेडात ती आहे. तेवढा उजेड पुसला, तर उरेल केवळ मृत्यूचे चित्र.

ऐवाझोव्हस्की १९०० साली, वयाच्या ८२ व्या वर्षी वारला. त्या वेळीही एक सागरचित्र त्याच्या हातून अपुरे राहिले होते. आयुष्यभर पाहूनही त्याचा सागर पाहून संपला नव्हता. नवशिक्याची पहिली पाच-दहा चित्रे बिघडली, तर त्याने कुंचला टाकू नये. तो धुऊन ठेवावा आणि पुन्हा एकदा किनाऱ्यावर जाऊन उभे राहावे.