मेळघाटातील कोरकूंचा अन्नव्यवहार आणि ख्रिस्ती मिशनरी : एक विवेचन

अमरावती जिल्ह्यातील धारणी व चिखलदरा हे तालुके मेळघाट म्हणून ओळखले जातात. येथील प्रमुख आदिवासी जमात कोरकू होय. 'कोरो' म्हणजे माणूस आणि 'कू' हा अनेकवचनाचा प्रत्यय, अशी या नावाची व्युत्पत्ती सांगितली जाते. कोरकू ही मुंडा कुळातील भाषा असल्याने वऱ्हाडात मराठी शिकलेल्या मिशनऱ्यास घाट चढताच पुन्हा विद्यार्थी व्हावे लागे. मिशनरी जॉन ड्रेक यांचे कोरकू व्याकरण १९०३ मध्ये कलकत्ता येथून प्रसिद्ध झाले. 'जोम' म्हणजे खाणे. हाच धातू संताळी व मुंडारीतही आढळतो.

भाषेमागोमाग अन्नाचा प्रश्न येतो. कोदो, कुटकी, ज्वारी, मका, रानभाज्या व कंद हा कोरकूंचा परंपरागत आहार. उन्हाळ्याच्या तोंडी पहाटे वेचून वाळविलेली मोहफुले टंचाईच्या दिवसांत पोटाला आधार देतात. मोहाची दारू मात्र केवळ पेय नव्हे. देवाला ती अर्पण होते, लग्नात ती लागते आणि मृताच्या 'सिडोली' विधीतही तिला स्थान असते. प्रॉटेस्टंट मिशनांचा भर मद्यवर्जनावर होता. पाहुण्याने भाकरी खाल्ली आणि दारू नाकारली, तर त्याने नेमके काय नाकारले, हा प्रश्न यजमानाच्या दृष्टीने क्षुल्लक नव्हता.

रॉबर्टो दि नोबिली हे १६०६ मध्ये मदुराईस आले. तेथील उच्चवर्णीयांत मिसळता यावे म्हणून त्यांनी मांसाहार सोडला व ब्राह्मण स्वयंपाकी ठेवला. त्यांचा मार्ग वर्ज्य करण्याचा होता. मेळघाटात उलट, जे पुढे आले ते स्वीकारण्याची कसोटी होती आणि ती अधिक अवघड म्हणावी लागेल.

१८९६-९७ व १८९९-१९०० च्या दुष्काळांनी हा व्यवहारच फिरविला. वऱ्हाडात उपासमार झाली; मिशनांनी अन्नवाटप केले, अनाथ मुले सांभाळली. अनेकांचे प्राण त्यामुळे वाचले, हे नाकारता येत नाही. परंतु कोरकूच्या अंगणात बसून कुटकीचा भात खाणारा मिशनरी हा पाहुणा असतो, म्हणजे काही अंशी मिंधा असतो. धान्य वाटणारा मिशनरी मिंधा नसतो. मिंधेपण घेणाऱ्याकडे जाते. दुष्काळानंतर त्याच अंगणात परतणाऱ्यास पुन्हा पाहुणा होणे सोपे राहिले नसावे.